परदेशांतील बिऱ्हाड आणि टेलिव्हिजनची वर्गणी



परदेशीं नव्यानें बिऱ्हाड थाटणाऱ्या माणसाला पहिल्या महिना-दोन महिन्यांत जीं कामें उरकावीं लागतात, त्यांत टेलिव्हिजनचें काम शेवटचें मानण्याचा प्रघात आहे. राहण्याची जागा, बँकेंतील खातें, मुलांची शाळा, डॉक्टर, वाणसामान हीं सर्व मार्गीं लागलीं, कीं मग करमणुकीकडे पाहूं, असा विचार कोणीहि समंजस गृहस्थ करील. परंतु या शेवटच्या मानलेल्या कामांतच कायद्याचा एक कांटा दडलेला असतो, आणि नवख्या माणसाला तो पाय टाकल्यावरच कळतो. म्हणून दुसऱ्या देशांत गेल्यावर घरीं टेलिव्हिजन कसा सुरू करावा, त्यासाठीं पैसे कोणाला व कशाबद्दल द्यावे लागतात, आणि त्यामागचें तत्त्व काय, याचा थोडा खुलासा आज करण्याचा विचार आहे.

सोलापूर जिल्ह्यांतल्या एका गांवीं बसलेल्या निवृत्त शिक्षकाला हा विषय कां सुचावा, असें कोणी विचारील. माझें करकंब गांव पंढरपूर तालुक्यांत आहे. येथल्या शाळेंत शिकलेलीं मुलें पुढें सोलापूर-पुण्यास जाऊन इंजिनियर झालीं, आणि त्यांतलीं कांहीं आज लंडन, म्यूनिक, टोकियो अशा शहरीं नोकरी करीत आहेत. त्यांचे आईबाप महिनेच्या महिने तिकडे जाऊन राहतात. “गुरुजी, येथें टेलिव्हिजन पाहावयाचा तर परवाना काढावा लागतो म्हणतात, हें खरें काय?” असा प्रश्न मला एकाहून अधिक विद्यार्थ्यांनीं विचारला आहे. त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जें हातीं लागलें, तेंच येथें सांगतों.

परवाना हा शब्द ऐकून आजच्या तरुणाला नवल वाटतें. परंतु माझ्या वयाच्या मंडळींना तो परका नाहीं. आपल्याकडेहि एके काळीं रेडिओ बाळगण्यास परवाना लागे. पोस्टांत जाऊन दरसाल पैसे भरावयाचे आणि परवान्याच्या पुस्तकांत त्याची नोंद करून घ्यावयाची, अशी रीत होती. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं आणि मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं टेलिव्हिजन आला, तेव्हां त्यालाहि परवान्याचा नियम लागला. १९८० नंतरच्या दशकांत हे परवाने रद्द झाले. त्यानंतर वाढलेल्या पिढीला टेलिव्हिजनचे पैसे म्हणजे केबलवाल्याचे किंवा छत्रीच्या कंपनीचे पैसे, एवढेंच ठाऊक आहे. रिचार्ज केला कीं चित्र दिसतें, संपला कीं बंद पडतें. जो दाखवितो त्याला पैसे द्यावे, आणि दिले म्हणजे हिशेब मिटला, ही आपली समजूत. परदेशांत पहिली गफलत होते ती या समजुतीमुळेंच.

तिकडे पुष्कळ देशांत टेलिव्हिजनचे हिशेब दोन असतात, आणि ते एकमेकांत मिसळत नाहींत. हें आपल्या जत्रेच्या उदाहरणानें चांगलें समजेल. गांवची जत्रा आली, कीं घरोघर वर्गणी गोळा होते. पालखी, कुस्त्यांचा फड, दिवाबत्ती हें त्या वर्गणींतून चालतें. त्याच जत्रेंत तमाशाचा तंबूहि पडतो. त्याचें तिकीट निराळें. तिकीट काढलें म्हणून वर्गणी माफ होत नाहीं, आणि वर्गणी दिली म्हणून तंबूंत फुकट सोडीत नाहींत. परदेशांतील सार्वजनिक टेलिव्हिजनचा परवाना ही वर्गणी होय, आणि केबल, छत्री किंवा इंटरनेटवरील खाजगी कंपनीचें मासिक बिल हें तंबूचें तिकीट होय. कंपनीला दरमहा चाळीस पौंड देणारा आपला माणूस मनांत म्हणतो, कीं आतां आणखी कसले पैसे? परंतु कायदा त्याला वर्गणी विचारीत असतो.

ही वर्गणीची कल्पना मूळची रेडिओच्या काळांतली. इंग्लंडांत १९२२ च्या नोव्हेंबरांत रेडिओचा परवाना सुरू झाला. त्याची फी वर्षाला दहा शिलिंग होती. त्याच शहरांतून, लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून, २ नोव्हेंबर १९३६ रोजीं बीबीसीचें नियमित टेलिव्हिजन प्रक्षेपण सुरू झालें. महायुद्धांत तें बंद होतें. युद्ध संपल्यावर, जून १९४६ पासून टेलिव्हिजनचा दोन पौंडांचा परवाना आला. १९६८ सालीं रंगीत चित्राचा निराळा परवाना निघाला, आणि १९७१ सालीं नुसत्या रेडिओचा परवाना कायमचा रद्द झाला. त्यामुळें आज तेथें रेडिओ ऐकण्यास कांहींहि द्यावें लागत नाहीं. या सर्व व्यवस्थेमागचा विचार असा, कीं प्रक्षेपण करणारी संस्था जाहिरातदारांच्या मुठींत नसावी, आणि सरकारी तिजोरीच्या दयेवरहि नसावी. ऐकणाऱ्या-पाहणाऱ्यांनीं आपल्या वर्गणीवर ती चालवावी. हा विचार पटो वा न पटो, तो ध्यानांत घेतला म्हणजे परवान्याचा कागद नुसता दंडासारखा वाटत नाहीं.

आतां वर्गणी बसवावयाची ती कशावर, हा खरा प्रश्न आहे. यंत्रावर, घरावर, कीं पाहण्यावर? निरनिराळ्या देशांनीं याचीं निरनिराळीं उत्तरें दिलीं आहेत. नवख्या माणसानें कोणत्याहि देशांत पाऊल ठेवतांच एवढी एकच गोष्ट विचारून घ्यावी. तिच्या उत्तरांत बाकीचें सारें येतें.

जपाननें वर्गणी यंत्रावर बसविली आहे. तेथील १९५० च्या प्रक्षेपण कायद्याप्रमाणें, एनएचके या सार्वजनिक संस्थेचें प्रक्षेपण घेऊं शकेल असें यंत्र ज्यानें घरीं बसविलें, त्यानें त्या संस्थेशीं करार केला पाहिजे. तेथील सर्वोच्च न्यायालयानें ६ डिसेंबर २०१७ रोजीं हें बंधन घटनेस धरून असल्याचा निर्णय दिला. ऑक्टोबर २०२३ पासून साध्या प्रक्षेपणाची फी दरमहा १,१०० येन, आणि उपग्रहाचें धरून १,९५० येन अशी ठरली. तेथें एनएचके आपण पाहतों कीं नाहीं, हा प्रश्नच गौण आहे. यंत्र घरांत बसविलेलें आहे, एवढें पुरे. म्हणून मायदेशीं परत निघालेला एखादा सहकारी आपला जुना टेलिव्हिजन फुकट देऊं लागला, तर तो घेण्यापूर्वीं क्षणभर विचार करावा. यंत्र फुकट मिळेल, पण वर्गणी त्याच्यामागून घरांत येईल.

जर्मनीनें वर्गणी घरावर बसविली आहे. १ जानेवारी २०१३ पासून तेथें नियम असा, कीं प्रत्येक राहत्या घरामागें एक वर्गणी; घरांत टेलिव्हिजन असो, रेडिओ असो, वा कांहींच नसो. ऑगस्ट २०२१ पासून ही रक्कम दरमहा १८.३६ यूरो झाली. तेथें नव्यानें राहावयास गेलेल्या माणसानें आपला पत्ता नगरपालिकेंत नोंदवावा लागतो. ती नोंद झाली, कीं वर्गणीचें पत्र आपोआप घरीं येतें. “मजकडे टेलिव्हिजन नाहीं” हें उत्तर तेथें चालत नाहीं. मात्र एका घरांत चारजण मिळून राहत असले, तर वर्गणी एकच. म्हणून दुसऱ्याच्या घरांत खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थ्यानें, घरांतील कोण ही वर्गणी भरतो तें विचारून त्याचा वर्गणी क्रमांक कळवावा, म्हणजे दुहेरी भुर्दंड पडत नाहीं.

अमेरिकेंत अशी वर्गणीच नाहीं. तेथील मोठीं स्टेशनें जाहिरातींवर चालतात. १२ जून २००९ रोजीं त्यांचें प्रक्षेपण पूर्णपणें डिजिटल झालें, आणि साधी अँटेना लावली, तर आसपासच्या स्टेशनांचें चित्र एक पैसा न देतां दिसतें. तेथें जें भरमसाट बिल येतें, तें सारें तंबूच्या तिकिटाचें.

इंग्लंडचें उत्तर या सर्वांहून निराळें, आणि आपल्या लोकांची सर्वांत अधिक फसगत करणारें आहे. तेथें वर्गणी पाहण्यावर आहे. नुसता टेलिव्हिजन घरांत ठेवला, आणि त्यावर लहान मुलांच्या खेळाचें यंत्र जोडलें, तर परवाना लागत नाहीं. परंतु एखाद्या वाहिनीवर जो कार्यक्रम प्रक्षेपित होत आहे, तो त्याच वेळीं पाहावयाचा किंवा ध्वनिमुद्रित करून ठेवावयाचा असेल, तर परवाना हवा. मग तो टेलिव्हिजनवर पाहा, संगणकावर पाहा, कीं हातांतल्या फोनवर पाहा. शिवाय बीबीसीची आयप्लेअर म्हणून जी इंटरनेटवरील सेवा आहे, तिच्यावर बीबीसीचे जुने, मागाहून पाहण्याचे कार्यक्रम पाहण्यासहि १ सप्टेंबर २०१६ पासून परवाना लागतो. एप्रिल २०२५ मध्यें रंगीत चित्राच्या परवान्याची वार्षिक फी १७४.५० पौंड ठरली. ती बहुधा दर एप्रिलांत बदलते, म्हणून भरण्याच्या वेळीं नवा आंकडा पाहून घ्यावा. हप्त्यानेंहि भरतां येते. परवान्यावांचून पाहिल्याचें शाबीत झालें, तर एक हजार पौंडांपर्यंत दंड होऊं शकतो.

या नियमांतील मेख अशी, कीं वाहिनी कोणत्या देशाची, हें त्यांत पाहिलें जात नाहीं. एक उदाहरण घेऊं. आषाढी एकादशीच्या पहाटे पंढरपुरास विठ्ठलाची शासकीय महापूजा होते, आणि मराठी वाहिन्या ती प्रत्यक्ष दाखवितात. आपल्याकडे रात्रीचे अडीच वाजलेले असतात, तेव्हां उन्हाळी वेळेप्रमाणें लंडनमध्यें आदल्या रात्रीचे दहा वाजतात. म्हणजे करकंबाकडचें कुटुंब तेथें जेवणें उरकून, आजी-नातवंडांसह फोनवर ती वाहिनी लावून बसूं शकतें. आजीला वाटतें, आपण आपल्या गांवची पूजा पाहतों आहों. यांत इंग्रज सरकारचा काय संबंध? परंतु वाहिनीचें प्रक्षेपण चालू असतां तें त्याच वेळीं पाहिलें, म्हणजे परवाना लागतो. तीच पूजा दुसऱ्या दिवशीं सकाळीं, मागाहून ठेवलेल्या चित्रफितींत पाहिली, तर लागत नाहीं. मराठी बातम्यांचें आणि क्रिकेटच्या सामन्याचेंहि तसेंच. रोजच्या मालिका मात्र पुष्कळ घरांतून सवडीनें, मागाहून पाहिल्या जातात. ज्या घरांत तेवढेंच चालतें, त्यांना परवान्याची गरज नाहीं. थोडक्यांत, तेथें प्रश्न “काय पाहतां?” हा नसून “केव्हां पाहतां?” हा आहे.

परवाना माणसाच्या नांवें निघत असला, तरी तो लागू होतो पत्त्याला. एका घरांत तीन यंत्रें असलीं आणि एकत्र राहणारीं सहा माणसें असलीं, तरी परवाना एकच. घर बदललें, तर पत्ता बदलून घ्यावा. विद्यार्थी मिळून राहत असतील, तर भाडेकरार पाहावा. करार सर्वांचा एकत्र असेल, तर एका परवान्यांत घर भागतें. प्रत्येक खोलीचा करार स्वतंत्र असेल, तर परवानाहि ज्याचा त्यानें काढावा. वृद्ध आईबाप राहावयास आले म्हणून परवाना माफ होतो, अशी एक समजूत आपल्या मंडळींत ऐकूं येते. ती बरोबर नाहीं. पंचाहत्तर वर्षांवरील माणसांना सरसकट असलेली सवलत ऑगस्ट २०२० मध्यें बंद झाली. आतां ती पेन्शन क्रेडिट नांवाची तेथील मदत मिळणाऱ्या वृद्धांच्या घरांपुरतीच उरली आहे. अंध व्यक्तीच्या घरास मात्र निम्मी फी आहे. मुदत संपण्यापूर्वीं देश सोडून परत यावयाचें झालें, तर न वापरलेल्या पूर्ण महिन्यांचे पैसे परत मागतां येतात, हें पुष्कळांना ठाऊक नसतें.

नवख्या माणसाची खरी गाळण उडते ती पत्रानें. घरांत राहावयास जाऊन पंधरा दिवस होतात न होतात, तोंच दारांत लिफाफा पडतो. त्यावर नांव नसतें. “या घराचे कायदेशीर रहिवासी” एवढेंच असतें. आंत चौकशी, दंड, न्यायालय असे शब्द असतात. व्हिसावर राहणाऱ्या आपल्या मुलांना वाटतें, कीं आतां नोकरी जाते कीं काय! घाबरण्याचें कांहीं कारण नाहीं. ज्या पत्त्यावर परवाना नाहीं, त्या प्रत्येक पत्त्यावर असें पत्र जातें. प्रत्यक्ष प्रक्षेपण पाहावयाचें असेल, तर परवाना काढावा. पाहावयाचें नसेल, तर परवान्याची जरूर नसल्याचें कळवावें. कोणी चौकशी अधिकारी दारीं आला, तर त्याच्याशीं सभ्यपणानें बोलावें. आपल्या संमतीवांचून किंवा न्यायालयाच्या वॉरंटावांचून त्याला घरांत शिरण्याचा अधिकार नाहीं. याच भीतीचा फायदा घेऊन खोटे ई-मेल पाठविणारे भामटेहि तेथें आहेत. म्हणून आलेल्या ई-मेलमधल्या दुव्यावर बोट न ठेवतां, परवान्याच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः जाऊन पैसे भरावे.

वर्गणीचें झालें, आतां यंत्राविषयीं. येथला टेलिव्हिजन आणि येथली छत्री बरोबर न्यावी काय, असें घरांतील वडील माणसें हटकून विचारतात. नेऊं नये. इंग्लंडांत विजेचा दाब आपल्यासारखाच २३० व्होल्टचा आहे, परंतु प्लगाच्या पिना निराळ्या. अमेरिकेंत दाबच १२० व्होल्टचा. शिवाय प्रक्षेपणाच्या डिजिटल पद्धती देशपरत्वें भिन्न असल्यानें, एका देशाच्या यंत्राला दुसऱ्या देशाचें चित्र घेतां येईलच असें नाहीं.

छत्रीची गोष्ट तर भूगोलाच्या तासाला सांगावी अशी आहे. टेलिव्हिजनचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारें ३५,७८६ किलोमीटर उंचीवर, पृथ्वीच्या बरोबरीनें फिरतात. म्हणून ते एका जागीं स्थिर दिसतात. दूरदर्शनच्या फ्री डिशचा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. करकंबाहून तो आग्नेय दिशेस, क्षितिजापासून सुमारें साठ अंश उंच असतो. पृथ्वी गोल असल्यामुळें लंडनहून पाहूं गेल्यास तोच उपग्रह क्षितिजाच्या खालीं जातो. जो डोंगराआड आहे, त्याचा दिवा कसा दिसणार? लंडनच्या घरांवरील छत्र्या २८.२ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहांकडे रोखलेल्या असतात. तेहि आग्नेयेसच, पण क्षितिजापासून जेमतेम पंचवीस अंशांवर. म्हणून समोर उंच इमारत किंवा दाट झाड असेल, तर तेथें छत्री निरुपयोगी होते. भाड्याच्या घरांत ती बसविण्यास मालकाची संमतीहि लागते. सबब, छत्रीच्या कंपनीशीं बोलण्याआधीं खिडकी कोणत्या दिशेला आहे, तें पाहावें.

छत्री जमत नसेल, तरी हरकत नाहीं. इंग्लंडांत फ्रीव्ह्यू ही २००२ सालीं सुरू झालेली सेवा आहे. घराच्या छपरावर अँटेना असली, कीं तिच्यावर पुष्कळ वाहिन्या मासिक बिलावांचून दिसतात. पुष्कळ इमारतींत सर्व बिऱ्हाडांची मिळून एक अँटेना असते, आणि भिंतींतील खांचेला तार जोडली कीं काम होतें. २०२४ सालीं फ्रीली नांवाची सेवा निघाली. ती याच धर्तीवर इंटरनेटवरून चालते. या दोहोंना मासिक बिल नसलें, तरी परवाना लागतोच, हें विसरूं नये.

मराठी कार्यक्रमांसाठीं आतां बहुतेकांची भिस्त इंटरनेटवर आहे. येथें एक अडचण येते. घरीं ज्या ॲपचे पैसे भरलेले असतात, तें परदेशांत गेल्यावर कांहीं कार्यक्रम दाखवीत नाहीं. यंत्र बिघडलें असें समजून मुलें हैराण होतात. कारण असें, कीं कार्यक्रम दाखविण्याचे हक्क देशवार विकले जातात. ज्याला भारतापुरता हक्क आहे, त्याला इंग्लंडांत तो कार्यक्रम दाखवितां येत नाहीं. म्हणून वर्षाचे पैसे येथून आगाऊ भरून जाऊं नये. तेथें पोंचल्यावर काय मिळतें तें पाहून मगच भरावे.

शेवटीं कराराविषयीं चार शब्द. आपल्याकडे महिन्याचा रिचार्ज संपला, कीं केबलवाल्याशीं संबंध संपला. तेथें टेलिव्हिजन व इंटरनेट यांचा करार पुष्कळदां अठरा किंवा चोवीस महिन्यांचा असतो. माझ्या एका विद्यार्थ्यानें असा दोन वर्षांचा करार केला, आणि नवव्या महिन्यांत त्याची पुण्यास बदली झाली. उरलेल्या मुदतीच्या भरपाईपोटीं कंपनीनें त्याच्याकडून जी रक्कम घेतली, तींत त्याच्या परतीच्या विमानभाड्याचा बराच भाग निघाला असता. करार कायदेशीर होता, तेव्हां तक्रार कोठें करणार? ज्याचा मुक्काम निश्चित नाहीं, त्यानें महिन्यागणिक सोडतां येणारी सेवा थोडी महाग पडली तरी घ्यावी. फोनवरून किंवा इंटरनेटवरून केलेला करार रद्द करण्यास इंग्लंडांत सामान्यतः चौदा दिवस मिळतात. तेवढ्या अवधींत कागद शांतपणें वाचून काढावा. नवख्या माणसाचा तेथें देण्याघेण्याचा इतिहास नसल्यानें कंपनी कधीं अनामत मागते, कधीं नकार देते. त्यांत अपमान मानूं नये. वर्षभर बिलें वेळेवर भरलीं, म्हणजे ती अडचण पुष्कळशी दूर होते.

तात्पर्य, क्रम असा ठेवावा. प्रथम, या देशांत वर्गणी यंत्रावर आहे, घरावर आहे, कीं पाहण्यावर, तें विचारावें. दुसरें, आपल्या घरांत खरोखर काय आणि केव्हां पाहिलें जातें, याचा घरांतील सर्वांनीं बसून हिशेब करावा. तिसरें, भाडेकरार व खिडकीची दिशा पाहावी. आणि सर्वांत शेवटीं, जरूर असेल तरच कंपनीच्या करारावर सही करावी. आपले लोक बहुधा हा क्रम उलटा धरतात. सही आधीं होते आणि कायद्याचें पत्र मागाहून येतें.

आजी-आजोबांना नातवंडांशेजारीं बसून आपल्या भाषेंतले चार शब्द ऐकावयास मिळावे, मुलांच्या कानांवर मराठी पडावी, यासाठींच परदेशांतील बहुतेक घरांतून ही सारी खटपट चाललेली असते. तो आनंद भीतीशिवाय भोगावयाचा, तर परक्या गांवच्या जत्रेचीहि वर्गणी तिच्या रीतीप्रमाणें द्यावी. आणि जेथें ती लागू नाहीं, तेथें नुसत्या पत्राच्या धाकानें देऊं नये. दोन्ही गोष्टींना आधीं नियम माहीत असावा लागतो.